ओढ्याच्या अलीकडची वाट

बेहाला, कोलकाता
१२ जानेवारी २०२५

गुरू,

पाच वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे कोणी गेलं की काय, असं वाटून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. अजेयची साखर आटोक्यात आहे, तुझ्या भाचीची, नूपुरची, नोकरी चालू आहे, माझे गुडघे कुरकुरत का होईना चालतात. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी दुसऱ्या वाक्याला आपण भांडायला लागू. कागदावर निदान माझं वाक्य मला पुरं करता येईल.

कामाचं सांगते. गेल्या वर्षापासून मी इथल्या एका जुन्या संस्थेत आठवड्यातून तीन दिवस जाते. त्यांच्याकडे जुन्या सरकारी मोजणीच्या नकाशांचे गठ्ठे आहेत, हजारोंनी. शाळेत भूगोल शिकवत होते म्हणून त्यांनी मला घेतलं. नकाशा उलगडायचा, त्याचा क्रमांक, मोजणीचं वर्ष आणि त्यावरची मोठी गावं यादीत लिहायची आणि स्कॅन करायला पुढे द्यायचा. बंगाल-बिहारचे जास्त आहेत, पण जुन्या काळी छपाई इथे होत असल्यामुळे आपल्याकडचेही बरेच आहेत.

डिसेंबरात केतकीचा फोन आला. खैरवाडीच्या कालिंदीची धाकटी. ती आता तालुक्याला खत-बियाण्यांचं दुकान चालवते, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत असेल. तिने वाडीच्या वाटेसाठी तहसीलला नवा अर्ज केला आहे आणि एप्रिलमध्ये तारीख आहे, असं म्हणाली. कोणीतरी तिला सांगितलं की जुने नकाशे कलकत्त्यात मिळतात. "मावशी, तुम्ही तिथेच आहात, जमलं तर बघाल का?" एवढंच तिने विचारलं. मी अशा नकाशांतच दिवस काढते हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. बघते म्हणाले.

मुद्दाम शोधायला मला तीन आठवडे लागले, कारण आपल्या भागाचा गठ्ठा बांधलेला होता आणि वरचं लेबल चुकीचं होतं. मोजणी १९७४-७५ ची आहे. आपलं हिवरजांब आहे. देवळाची खूण आहे, शाळेची आहे, गावविहिरीचा निळा ठिपका आहे. अख्खा आपला मळा त्यात मसुराच्या डाळीएवढा दिसतो. आणि त्या डाळीतून तुटक तुटक लाल रेघ गेली आहे, गावापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापलीकडे खैरवाडीपर्यंत. तुटक लाल रेघ म्हणजे गाडीवाट.

तू फाटक लावून जी बंद केलीस तीच ही वाट. तुझी बाजू मला ठाऊक आहे. डाळिंब लावलंस, ठिबकच्या नळ्या टाकल्यास, लोकांच्या गाड्या आणि जनावरं बागेतून जायला लागली तर रोग येईल अशी तुला भीती होती. पण वाट बंद झाल्यावर वाडीची माणसं एकतर चार किलोमीटरचा वळसा घालतात, नाहीतर ओढ्याच्या दगडांवरून उतरतात. २०१९ च्या सप्टेंबरात कालिंदी दुधाच्या किटल्या घेऊन त्या दगडांवरून जाताना घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला बाजेवर घालून वळसा घालून आणावं लागलं. तिचा डावा पाय आता दीड इंच आखूड आहे.

नकाशा सापडल्याचं मी केतकीला अजून कळवलेलं नाही. आधी तुला लिहिते आहे. एप्रिलच्या आत तू स्वतःहून फाटक काढलंस तर नकाशा दाखवायची वेळच येणार नाही. विचार कर. अलकाला माझी आठवण सांग.

ताई

•

बेहाला
९ फेब्रुवारी २०२५

गुरू,

तुझं उत्तर मिळालं, अजेयच्या फोनवर. तू त्यांना म्हणालास, "दाजी, ताईला सांगा, आपल्या जमिनीत रस्ता पहिल्यापासून नव्हता, आबा सांगायचे. आणि तिला कागद काढायचेच असतील तर म्हणावं सगळे काढ."

अजेयने निरोप जसाच्या तसा सांगितला आणि विचारलं, सगळे म्हणजे कोणते? मी म्हटलं, जुन्याहून जुने. ते पेपर वाचायला लागले.

आजोबांचा शब्द म्हणून न सोडता आबांचं म्हणणं मी तपासलं. तुझ्या समाधानासाठी नाही, माझ्या. संग्रहातले १९१३-१४ च्या मोजणीचे नकाशे वेगळ्या खोलीत आहेत, त्यांचे कोपरे हात लावला की सुटतात. दोन दिवस परवानगीत गेले, तिसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर आला. यात शाळा नाही, देऊळ आहे. खैरवाडी म्हणजे फक्त चार चौकोनी ठिपके आहेत. वाटही आहे. पण ती ओढ्याच्या पलीकडच्या काठाने गेली आहे. खैरवाडीपासून काठाकाठाने खाली, आणि पार देवळाजवळ ओढा ओलांडून गावात. आपल्या मळ्यात एकही रेघ नाही.

म्हणजे आबा खरं सांगत होते आणि तूही खोटं बोलत नव्हतास. मी तुझ्यावर पाच वर्षं खोटारडेपणाचा जो आरोप मनात ठेवला होता, त्यातला हा भाग आज काढून टाकते.

मधल्या साठ वर्षांत वाट इकडे कशी आली, हे नकाशा सांगत नाही. आईने सांगितलेलं मला आठवतं. तू तिच्या मांडीवरही नव्हतास, मीही नव्हते, आण्णा अजून बाप झाले नव्हते, तेव्हाचं. एका पावसाळ्यात ओढ्याने पलीकडची दरड ओढून नेली. काठाला गाडी जाण्याइतकी जागा उरली नाही. खैरवाडीचे चार बाप्ये आण्णांकडे आले. आण्णांनी त्यांना चहा दिला आणि मळ्यातून वाट दिली. कागद नाही, पत्र नाही. आईला ते आवडलं नव्हतं, असंही ती सांगायची, कारण त्या जागी तिचे वालाचे वाफे होते. हे तुलाही तिने सांगितलंच असणार.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. २०१८ मध्ये, पहिल्या अर्जाच्या वेळी, तू मला फोन करून विचारलं होतंस की तिकडे जुने नकाशे बघायला मिळतात का, आबांचं म्हणणं सिद्ध करता येईल. मी म्हणाले, ते लष्करी कामाचे असतात, गुप्त असतात, सामान्य माणसाला मिळत नाहीत. गुरू, मी चौकशीही केली नव्हती. काही नकाशांवर निर्बंध असतात हे खरं, पण आपल्या गावाच्या नकाशात कोणाला काय गुप्त सापडणार? त्यात वाट दिसेल अशी मला भीती होती. आपल्याला हवा तसा आणि नको तसा, असे दोन्ही नकाशे निघतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता माझ्याकडे दोन्हींच्या प्रती आहेत. दोन्ही तुला या पाकिटात पाठवते आहे आणि दोन्ही केतकीला पाठवणार आहे. एकीलाच एक आणि दुसऱ्यालाच दुसरा, असं मी करणार नाही.

"सगळे काढ" या तुझ्या वाक्याचं उत्तर आज देत नाही. तू काय म्हणालास ते मला कळलं.

ताई

•

बेहाला
१६ मार्च २०२५

गुरू,

नकाशे मिळाल्याचं तू कळवलं नाहीस, पण पोचपावती आली, तिच्यावर अलकाची सही आहे.

गेल्या रविवारी बराकपूरला गेले होते. तिथे सलील टिपरे म्हणून एक गृहस्थ राहतात, ब्याऐंशी वर्षांचे. मूळचे साताऱ्याकडचे. मोजणी खात्यात होते, बदली होऊन इकडे आले, इथलीच बायको केली, इथेच राहिले. मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली होती. तरुणपणी ते मोजणीच्या तुकडीबरोबर आपल्या भागातही हिंडले आहेत, म्हणून मला वाटलं, ते नकाशा बघून दोन ओळी लिहून देतील आणि तहसीलला त्याचं वजन पडेल. सियालदाहून गाडी पकडली आणि दहाला त्यांच्या दारात.

त्यांनी भिंगाने दोन्ही प्रती पाहिल्या. हा शीट माझा नाही, म्हणाले. माझा असता तर ओढ्याचं वळण मी असं ढिलं काढलं नसतं. मग भिंग खाली ठेवून त्यांनी मला शिकवलं, मी जसं सातवीला शिकवायचे तसं. नकाशावर वाट आहे म्हणजे हक्क आहे असं होत नाही. त्यावर तशी सूचनाही छापलेली असते. मोजणीवाला आला त्या दिवसांत माणसं तिथून जात होती, एवढंच त्यातून कळतं. कोणाच्या परवानगीने जात होती, हे तो विचारत नाही.

मी विचारलं, मग वाट कोणाची हे ठरवायचं कसं?

ते म्हणाले, "आम्ही तंबू टाकला की गावातली म्हातारी माणसं बोलावून विचारायचो. तुम्ही तिथल्याच ना? त्या वाटेने गेला असाल. मग तुम्हाला नकाशा कशाला हवा?"

त्यांना काही माहीत नव्हतं. साधा प्रश्न होता. त्यांच्या पत्नीने त्याच वेळी संदेशांची, त्या बंगाली मिठाईची, बशी आणून ठेवली, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. परतीच्या गाडीत उत्तर मागायला कोणी नव्हतं, तरी तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

तर आता सगळे कागद काढते.

नोव्हेंबर २०१८, भाऊबीजेचा दुसरा दिवस. मी ओसरीवर शेंगा फोडत होते. तू टाइप केलेला कागद आणलास. त्यावर होतं: माझे बालपण मौजे हिवरजांब येथे गेले असून गट क्रमांक ११८ मधून खैरवाडीकडे जाणारी कोणतीही वाट वा वहिवाट माझ्या माहितीत कधीही नव्हती व नाही. तू म्हणालास, गावातल्या दोघांच्या सह्या आहेत, पण बाहेर राहणाऱ्या शिकलेल्या माणसाची असली तर बरं. दुपारी आपण तालुक्याला गेलो, नोटरीसमोर मी सही केली. वाडीचा अर्ज फेटाळला गेला आणि निकालात तहसीलदारांनी माझं नाव लिहिलं होतं. सेवानिवृत्त शिक्षिका, निःपक्षपाती साक्षीदार.

मी त्या वाटेने सहा वर्षं शाळेत गेले, गुरू. कालिंदी वाडीहून यायची, मळ्याच्या कोपऱ्यावर उभी राहून हाक मारायची. पावसात आम्ही दोघी एकच पोतं डोक्यावर घ्यायचो. कधीही नव्हती व नाही.

सही का केली ते तुला माहीत नाही. तुला वाटलं असेल, भावासाठी. तसं नव्हतं. आई तुझ्याकडे होती. तिचं सगळं तू आणि अलका करत होता, मी वर्षातून दहा दिवस येऊन लाडू खाऊन जात होते. नाही म्हणाले असते तर पुढच्या वेळी तुझ्या उंबऱ्यात कोणत्या तोंडाने आले असते? तू मला अडवलं नसतंस, मला पक्कं ठाऊक आहे. पण मला तेवढाही धोका नको होता. मी आईला भेटायला येण्याची सोय पाहिली आणि वाडीची वाट दिली.

मग कालिंदी पडली. मला फोनवर कळलं. मी तिला भेटायला आले नाही, तिकीट मिळत नाही असं सांगितलं.

आणि मग आईच्या तेराव्याला कालिंदी आली, काठी टेकत, वळसा घालून. माझ्या शेजारी बसली. मला तिच्याकडे बघवेना. ती उठून गेल्यावर मी अंगणात तुझ्यावर ओरडायला लागले. भावकी होती, गाव होतं. तू लोकांची वाट अडवलीस, तू एका बाईचा पाय घालवलास, आण्णांचं नाव घालवलंस, असं मी काय काय बोलले. तू पत्रावळी उचलत राहिलास. माझ्या सहीचा कागद आतल्या कपाटात होता. तो आणून तू मला सगळ्यांसमोर दाखवू शकला असतास. एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं.

तू गप्प बसलास आणि मी त्याचा अर्थ, तुझ्याकडे उत्तर नाही, असा लावला. पाच वर्षं तोच लावून घेतला, कारण तो सोयीचा होता. तुझ्याशी बोलणं मी टाकलं ते कालिंदीच्या पायासाठी नाही. तुला सगळं माहीत होतं, म्हणून.

ताई

•

बेहाला
६ एप्रिल २०२५

गुरू,

थोडक्यात लिहिते, उद्या निघायचं आहे.

मी नवं प्रतिज्ञापत्र करणार आहे. आधीचं खोटं होतं आणि वाट मी स्वतः वापरली आहे, असं. केतकीच्या वकिलांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, बाई, खोटं होतं असं लिहू नका, शपथेवर खोटं बोलणं गुन्हा आहे, उलट तुमच्यावरच कारवाई होईल. 'स्मरणातील चुकीमुळे' असं लिहू. मी विचार करते म्हटलं आणि विचार करून नाही म्हणून कळवलं. माझं स्मरण तेव्हाही चांगलं होतं.

अजेयला परवा सगळं सांगितलं. इतकी वर्षं त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, पेन्शनवर परिणाम होईल का ते विचार. मला राग आला. मग लक्षात आलं, त्यांना दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. ते बरोबर यायला तयार होते, मीच नको म्हटलं.

नूपुरने मला विचारलं, "आई, मामा तुझ्यावर रागावला की तू मामावर?" तिचं मराठी तुला माहीत आहे, निम्मं बंगालीच्या अंगाने जातं, पण हे वाक्य तिने अगदी नीट बोललं. मी सांगितलं, दोन्ही. ती म्हणाली, मग आधी कोणी?

नऊ तारखेला पुण्यात उतरेन, दहाला तालुक्याला पोचेन. अकराला तारीख आहे. मुक्काम तालुक्याला लॉजवर करते आहे. तुझ्याकडे येत नाही, कारण तुझ्या घरी राहून तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायची हे मला जमणार नाही. अलकाने वाईट वाटून घेऊ नये.

तारखेच्या आधी तुला हे कळावं म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तुला अचानक समोर दिसले असं व्हायला नको.

ताई

•

बेहाला
१८ मे २०२५

गुरू,

घरी येऊन महिना झाला. येताना गाडी सहा तास उशिरा आली, इथे उतरले तर अंगाची लाही होत होती. पहिले काही दिवस नुसती झोपले. आता लिहिते.

तहसीलमध्ये जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी मला ते माझ्या बाजूने एकदा लिहून काढायचं आहे.

तहसीलदार बाई वयाने नूपुरहून फार मोठ्या नसतील. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले आणि टिपरेकाकांनी सांगितलं तेच सांगितलं, की यावरून हक्क ठरत नाही. मग माझी दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही सह्या तुमच्याच का, असं विचारलं. मी हो म्हटलं. आधीचं खोटं का? हो. का केलंत?

मी रेल्वेत पाठ केलेलं उत्तर होतं, आईचं, सोयीचं, सगळं. ते बोलायच्या आत तू मागून उठलास.

"मॅडम, तो मजकूर मी लिहून आणला होता. तिने फक्त सही केली."

पाच वर्षांत मी तुझ्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तेही मला वाचवायला. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. तू वाट करून देत होतास आणि वकीलही मान डोलवत होते.

"वाचून केली," मी म्हटलं.

तहसीलदार बाईंनी ते लिहून घेतलं. तुम्ही शिक्षिका होतात ना, असं एकदा म्हणाल्या. तेवढं मला पुरलं. कारवाईचं त्या वेगळं ठरवतील. नोटीस येईल तेव्हा येईल, मी पत्ता दिला आहे.

स्थळपाहणीला मी थांबले नाही, पण केतकीने सांगितलं. जुनी वाट बागेच्या मधून जाते, ती तशीच उघडली तर दोनशे झाडं जातील. तू स्वतःहून पूर्वेच्या बांधाने दहा फूट द्यायला तयार झालास आणि वाडीच्या लोकांनी ते मान्य केलं. तरी एक्केचाळीस झाडं गेली. ती तू हाताने लावलेली होतीस, चौथ्या बहराला आलेली होती. त्याबद्दल मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण तू ती तोडताना दुसऱ्या कोणाला कुऱ्हाड दिली नाहीस, हेही केतकीनेच सांगितलं.

तुला जे माहीत नाही ते आता लिहिते. तारीख झाल्यावर मी कालिंदीकडे गेले होते, तिथे काय झालं ते. केतकीने स्कूटरवरून सोडलं, वळशानेच.

कालिंदी गोठ्यात होती. आता दोनच म्हशी ठेवल्या आहेत. मला बघून तिने शेणाचे हात धुतले, पुसले, आणि बाजेकडे बोट दाखवलं. मी बसले. काय काय बोलायचं ते पुन्हा पाठ करून गेले होते. मी सुरुवात केली की, कालिंदी, त्या वेळी जो कागद दिला गेला त्यावर...

"तुझी सही होती," ती म्हणाली. "मी तेव्हाच पाहिली. निकालाची नक्कल काढली होती आम्ही. मागे जोडलेली होती."

म्हणजे ती पडली त्याच्या आधीपासून तिला माहीत होतं. मग सुचलं ते विचारलं.

"मग आईच्या तेराव्याला कशी आलीस?"

"काकूंचं तेरावं होतं. तुझं नव्हतं."

तिने चहा टाकला. मला वाटलं, आता ती बोलेल, रडेल, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. ती म्हशीच्या आजारपणाचं सांगत होती, केतकीला नवरा कसा बघावा ते सांगत होती. मध्येच म्हणाली की त्या दिवशी मी अंगणात गुरूवर ओरडत होते ते तिला फाटकापर्यंत ऐकू येत होतं. ती तिथे थांबून ऐकत होती. "मला गुरूची दया आली," म्हणाली.

गुरू, हे तुला कळावं म्हणूनच आजचं पत्र. ज्या बाईची वाट तू अडवलीस तिला त्या दिवशी तुझी दया आली. माझी आली का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

निघताना मी तिला माफ कर म्हटलं. ती म्हणाली, पाय काही लांब व्हायचा नाही. राग आहे, जायचा तेव्हा जाईल. पण तू तहसीलला उभी राहिलीस ते बरं केलंस, आता चहा प्यायला येत जा. मी येईन म्हटलं. तुझ्याकडे उतरून येईन की लॉजवर, ते तू ठरव.

परत मी तालुक्याला कशी जाणार याची चौकशी तू केतकीकडे केलीस आणि ओढ्याच्या वळणावर मोटारसायकल घेऊन उभा राहिलास. तू मला स्टँडवर आणलंस. तू बॅग टपावर न टाकता आत माझ्या पायाशी ठेवलीस. मी खिडकीतून बघितलं तेव्हा तू गेला होतास.

आणि काल संध्याकाळी तुझा मेसेज आला. पाच वर्षांनी तुझं नाव फोनवर दिसलं, तर मी चष्मा शोधण्यात इतका वेळ घालवला की नूपुरनेच वाचून दाखवला. नवी वाट बांधाच्या टोकाला जिथे ओघळ ओलांडते तिथे मोरी घालायची आहे, पावसाच्या आत. ओघळाला पाणी किती येतं, पाईप दोन फुटी टाकू की तीन, जुन्या नकाशावरून काही कळतं का, असं तू विचारलं आहेस.

मी आज मुद्दाम संग्रहात जाऊन दोन्ही नकाशे काढून पाहिले. तो ओघळ एकावरही नाही. इतका लहान ओघळ कोणी दाखवत नाही. माझ्या आठवणीवरून सांगायचं तर मी तिथलं पावसाळ्यातलं पाणी पाहून चाळीस वर्षं झाली. दोन फुटी पुरेल असं मी इथे बसून लिहिलं आणि चुकलं, तर पुन्हा वाडीच अडकेल.

कालिंदीला विचार. ती ते पाणी दर पावसात बघते. तूच जाऊन विचार, केतकीकडून निरोप पाठवू नकोस. सकाळी नऊनंतर जा, तोवर तिच्या धारा काढून झालेल्या असतात.

ताई